चाईच्या औषधाचं नाव विचारा

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याची उत्सुकता तिथेच मिटेल. माझ्या डोक्यावर केस नाहीत. मानेच्या वर थोडी लव आली आहे, ती पांढरी आहे. माझं वय पंचविशीच्या आत आहे.

धुळ्यात ज्यांनी मला हुंड्याविरुद्ध किंवा रेशनच्या मिलो ज्वारीतल्या खड्यांविरुद्ध बोलताना ऐकलं असेल त्यांना माझी वेणी आठवत असेल. हातवारे करून बोलायला लागले की ती पुढे यायची आणि मी ती झटक्यानं मागे टाकायची. आमच्या मंडळातली पोरं म्हणायची, "कुसुमताईंनी वेणी मागे टाकली, आता पुढाऱ्यांचं काही खरं नाही." ती वेणी रोगानं गेली नाही. औषधानं गेली. केसांचं सोडा, तिच्यामागोमाग जीवही निघाला होता. हे कसं झालं ते लिहिते. ज्यांच्या घरात कोणाला चाई पडून केस गेले असतील त्यांनी वाचावं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.

आठ आण्याएवढी जागा

डाग वहिनीला दिसला. शेजारी साखरपुडा होता, मला अंबाडा नीट येत नाही म्हणून ती घालत होती. फणी थांबली. मी म्हटलं, "काय गं, ऊ सापडली की काय?"

"वन्सं, इथे केसच नाहीत."

मी बोट लावून पाहिलं. कानामागे आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत होती. खाज नाही, दुखणं नाही, खपली नाही. मला हसू आलं. आपल्याच डोक्यावर आपल्या नकळत असं काही होऊ शकतं, याचाच मला पहिला धक्का बसला.

महिनाभरात कपाळाजवळ दुसरी जागा झाली. मग उजव्या भुवईचं टोक गेलं, आणि भुवई गेल्यावर घरातली हवा बदलली. आमच्याकडे भुवई गळाली की लोकांना एकच रोग आठवतो. नळावर कोणीतरी वहिनीला विचारलं, "तुमच्या कुसुमला महारोग तर नाही ना?" त्या दिवशी संध्याकाळी माझं ताट वेगळं घासलेलं मला दिसलं. राखेनं, दोनदा. मी वहिनीला काही बोलले नाही. दादाला बोलले. तो पेपरमागून म्हणाला, "घरात लहान पोर आहे, कुसुम. तूच समजून घे." मी दवाखान्यात जाते म्हटलं तर तो म्हणाला, "दवाखान्याच्या रांगेत उभी राहिलीस की गावभर होईल."

मग आई म्हणाली, "नानांकडे जाऊ."

उपाशीपोटी, रविवारी

नाना म्हणजे आईचे सख्खे मामा. धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्याच्या पुढे रस्त्यालगत त्यांचं खेडं आहे. कपाशीची थोडी शेती. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख चाईच्या औषधासाठी. हे औषध त्यांच्या आजापासून घरात चालत आलेलं. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं बसलेली मी लहानपणापासून पाहत आले होते.

त्या औषधाचे नियम आहेत. रविवारी, उपाशीपोटी यायचं. नाना एक पैसा घेत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. औषधात काय आहे ते विचारायचं नाही, कारण नाव तोंडातून निघालं की औषधाचा गुण जातो. आणि शेवटचा नियम: बरं वाटो न वाटो, ते सांगायला परत यायचं नाही, आभार मानायचे नाहीत. आभार मानले तरी गुण जातो. मला तर हे नियम आवडायचे. ज्या काळात रॉकेलपासून साखरेपर्यंत प्रत्येक गोष्टीत कोणीतरी मध्ये खातो, त्या काळात एक म्हातारा फुकट औषध देतो! मी गंडेदोरे वाटणाऱ्यांविरुद्ध पत्रकं काढली आहेत. पण नाना मंत्र म्हणत नव्हते, नारळ मागत नव्हते. त्यांच्याकडे झाडपाला होता. माका, जास्वंद, असं काहीतरी. झाडपाल्यानं कोणाचं काय बिघडतं?

आई आणि मी रविवारी गेलो. नानांनी पारिजातकाचं खरखरीत पान घेतलं आणि ती गुळगुळीत जागा लाल होईपर्यंत घासली. मग हिरवट-काळं तेल चोळलं. डोक्यात निखारा ठेवावा तसं झालं.

"झोंबी, माय, झोंबू दे," नाना म्हणाले. "झोंबनं म्हंजे लागू पडनं."

त्यांनी कपाळाला लावलं, भुवईला लावलं. बरोबर शिशी दिली, रोज घरी चोळायला. पुढच्या रविवारी ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा लावायला गेलो. घासलेल्या जागा तोवर ओल्या झाल्या होत्या, पाणी सुटत होतं. नाना म्हणाले, रोग बाहेर पडतोय. मी, जी ग्रामसेवकाला हिशेब विचारते, तहसीलदाराला उभ्या उभ्या जाब विचारते, ती मान खाली घालून बसले आणि त्यांना पुन्हा घासू दिलं.

"विचारायचं नसतं"

तोंड सुजलं ते एका रात्रीत. सकाळी डोळे उघडले नाहीत. वाटलं, पापण्यांवर कोणी हात ठेवला आहे. हिरड्यांतून रक्त येत होतं, तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव होती. केस उशीवरच राहिले, मी उठले आणि ते उठले नाहीत. आईनं किंकाळी फोडली. दादानं टांगा आणला. आता गावभर होईल याची आठवण त्याला कोणी करून दिली नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि चिडके होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज.

"कोणी लावलं हे?"

"आमच्या नानांनी."

"काय लावलं?"

"झाडपाला."

"कुठल्या झाडाचा?"

"माहीत नाही."

"शिकलेली दिसतेस. डोक्याला लावायच्या आधी नाव विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारायचं नसतं," मी म्हटलं.

ते शब्द माझ्या तोंडातून निघाले आणि मी स्वतःच हादरले. हे मी बोलले? डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते वाक्य मला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

लघवी कमी होत चालली होती. डॉक्टरांनी आईला आणि दादाला पलंगाजवळच उभं करून सांगितलं, आणि मला सगळं ऐकू आलं. त्यांना संशय होता की हा नुसत्या झाडपाल्याचा प्रकार नाही, तेलात पाऱ्याची किंवा सोमलासारख्या विषाची भुकटी असावी. ती घासलेल्या कातडीतून आत गेली आहे आणि मूत्रपिंडांवर बसते आहे. "ते असेल तर त्यावर सुई आहे. पण ती सुईसुद्धा पाण्यासारखी नाही. नसताना दिली तर पोरीला आणखी त्रास. शिशीतलं तेल तपासायला बाहेर पाठवतो, पण उत्तर यायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही. मला नाव आणून द्या. बस्स, एक नाव."

आई त्याच पावली नानांच्या गावाला निघाली.

खाट

दवाखान्यातलं जगणं म्हणजे आवाज आणि वास. डोळे बंद असलेल्या माणसाला तर दुसरं काहीच नसतं. फिनेलचा वास आला की सकाळ. भांड्यांचा आवाज आला की पेज. नर्सबाईच्या चपलेचा आवाज आला की डोक्यावरच्या ओल्या पट्ट्या बदलणार, मग मी आधीच दात आवळायची आणि हिरड्या ठणकायच्या. माझी लघवी बाटलीत धरून मोजत. कधी एवढ्याशा पाण्यासाठी माणूस प्रार्थना करेल असं मला वाटलं नव्हतं. मी प्रार्थना करत नाही, पण केली. कोणाची ते विचारू नका.

शेजारच्या खाटेवर कंचनबाई होत्या. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाची मालकीण, मारवाडी, पित्ताच्या खड्यासाठी आलेल्या. त्यांच्या घरून डबा यायचा. माझ्या तोंडात फोड, काही गिळवत नव्हतं, तर त्या खाटेवरून उठून थंड दुधात बिस्कीट कुस्करून मला चमच्यानं भरवायच्या. "बेटा, थोडं घे. पोट रिकामं ठेवून रागावता येत नाही." मी रागावले आहे हे त्यांना माझ्या सुजलेल्या तोंडावरून कसं कळलं देव जाणे.

आणि वहिनी आली. हे लिहिलंच पाहिजे. जिनं माझं ताट वेगळं घासलं तीच. पट्टीला केस चिकटून बसले होते, नर्सबाईंना वेळ नव्हता. वहिनीनं कात्री मागून घेतली आणि बसून एकेक बट कापली. पदर नाकाला लावला नाही, असं नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं. मध्येच तिनं नाक ओढल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की ती रडतेय.

पहिल्याच संध्याकाळी आई परत आली. रिकामी.

"सांगत नाहीत," ती म्हणाली. पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ती नानांच्या पाया पडली होती. म्हणाली होती, "मामा, पोर मरी जाई ना मन्ही!" आणि नाना म्हणाले होते, "नाव सांगं का गुण जास. मन्हा आजानी माले शपथ दियेल शे. लोके येतस आठे, त्यास्नं काय करू? झाडपालाघाई कोन्ही मरत नही, बाई. रोग बाहेर पडी राह्यना." वर त्यांनी माझ्यासाठी अंगारा दिला होता. आईनं तो पदराच्या गाठीत आणला होता.

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. मला नाना आवडायचे. लहानपणी त्यांनी मला बैलगाडीवर पुढे बसवून कासरा हातात दिला होता. तो माणूस माझा जीव आणि एक शब्द तराजूत घालतो आणि शब्द जड ठरवतो? माझं डोकं हे मानायलाच तयार नव्हतं.

नाना आले

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आले. दुपारची वेळ, वॉर्डात भेटायला आलेल्यांची गर्दी. मला काठीचा आवाज ओळखू आला. त्यांनी तोडगा काढला होता. गुण न जाता नाव सांगायची एक वाट त्यांच्या घराण्यात होती: आपल्या मागे जो औषध देणार त्याच्या कानात ते सांगता येतं. नारळ देऊन, रविवारी. त्यांनी नारळ आणला होता. दादाच्या कानात सांगणार होते, आणि दादानं ते डॉक्टरांना न सांगता, "काय लागतं ते बघून" सुई आणायची.

डॉक्टरांना बोलावलं. ते आले, ऐकून घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे ओरडले नाहीत.

"बाबा, मी तुमचा चेला व्हायला तयार आहे. माझ्या कानात सांगा. नारळ मी घेतो."

नाना विचारात पडले. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढंच.

"आज गुरुवार शे," नाना म्हणाले. "ऐतवारले सांगसू."

"रविवारपर्यंत ही राहील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

नाना जवळ आले. काठी खाटेला टेकवल्याचा आवाज आला. मग त्यांचा खरखरीत हात माझ्या हनुवटीला लागला. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं नाही, हलकेच खालचा ओठ ओढला. हिरड्यांतलं रक्त त्यांच्या बोटाला लागलं असणार. मग त्यांनी पट्टीची कड उचलली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नाना, मला दिसत नाही."

आणि ते बोलले. कानात नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, जणू शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारताहेत.

"रसकापूर! रसकापूर शे त्यामा. आनि जराखं मोरचूद. बाकी माका. बठ्ठं सांगी दिधं. आते करा तुमनं काम, डाक्टर."

रसकापूर म्हणजे पाऱ्याचा क्षार, मोरचूद तांब्याचा. डॉक्टर धावतच गेले. ती सुई धुळ्यात मिळाली नाही, दादा उभ्या उभ्या एसटीनं जळगावला गेला, तिथल्या औषधांच्या दुकानांतून ती शोधली आणि रात्री परत आला. सुया दुखायच्या, जांघेत गोळे यायचे. हळूहळू बाटलीतलं पाणी वाढलं. नर्सबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "अगं, अर्धी भरली!" आणि आईनं साखर वाटली. लघवीसाठी साखर वाटलेली मी तरी पहिल्यांदा पाहिली.

ज्याचा धक्का अजून ओसरला नाही

पण त्या दुपारचं राहिलं. नानांनी नाव सांगितलं, डॉक्टर गेले, आणि वॉर्डात कोणीतरी सुस्कारा सोडला. मला वाटलं, माझ्यासाठी. मग कंचनबाई, मला चमच्यानं दूध भरवणाऱ्या कंचनबाई, हळहळून म्हणाल्या, "अरेरे, नाना. सगळ्यांसमोर बोललात. आता गेला हो गुण."

पलीकडून दुसरी बाई म्हणाली, "केवढं चांगलं औषध व्हतं."

चांगलं! मी तिथे फुगलेल्या तोंडानं, रक्ताळलेल्या दातांनी पडले होते. त्या सगळ्या बघत होत्या. आणि त्यांना हळहळ वाटत होती औषधाची.

डोळे उघडल्यावर मी नानांना विचारलं. ते रोज येऊन खाटेशी बसायचे. म्हटलं, "नाना, आजवर कोणाला असं झालं नाही? कोणी सांगायला आलं नाही?"

"परत येवानं नही असा नेम शे ना," ते म्हणाले. "जो परत ये नही तो बरा व्हयना, असंच समजत व्हतू मी."

इतकी वर्षं, इतके रविवार, इतकी डोकी. जे बरे झाले ते आले नाहीत, ज्यांची कातडी जळाली तेही आले नाहीत. आणि ओट्यावर बसलेला म्हातारा सगळ्यांना बरं झालेलं समजत होता. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. नियमानं त्यांनाच फसवलं होतं. मग ते खाली बघत आणखी एक बोलले: "तू घरनी पोर. म्हनीसन तुन्हा तेलमा रसकापूर जरासा जास्ती टाका."

मायेनं टाकला होता.

घरी जाताना डॉक्टरांनी शेवटचा घाव घातला. मी विचारलं, मुळात तो आठ आण्याचा डाग होता त्याचं काय करायला हवं होतं? ते कागदावर काहीतरी लिहीत होते, वर न बघता म्हणाले, "ती चाई? ती पुष्कळांची आपोआप भरून येते. काही न करता. महारोग वगैरे काही नव्हता, पहिल्याच दिवशी आली असतीस तर दोन मिनिटांत सांगितलं असतं." काही न करता!

ओटा

पत्रक मी काढलंच. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल स्वतः कापली. वर मोठ्या अक्षरांत एवढंच: औषधाचं नाव विचारा, नाव सांगत नसेल तर घेऊ नका, आणि बिघडलं तर परत जाऊन ओरडून सांगा. मंडळातले काहीजण म्हणाले, देशी औषधांविरुद्ध लिहू नकोस, लोक तुला विलायती कंपन्यांची दलाल म्हणतील. म्हणोत. माक्याला माझा विरोध नाही. लपवाछपवीला आहे. विलायती बाटलीवर नाव नसेल तर मी तिलाही हेच म्हणेन.

पत्रकं घेऊन मी एका रविवारी नानांच्या गावी गेले. ओट्यावर नानांशिवाय कोणी नव्हतं. नानांनी औषध बंद केलं होतं, पण सवयीनं पहाटे उठून ते तिथे बसायचे. माझ्या डोक्याला रुमाल होता.

थोड्या वेळानं एक बाई आली, लांबून, पायांवर धूळ. बरोबर तिची मुलगी, दहा-अकराची. मुलीच्या भांगाच्या बाजूला ती ओळखीची गुळगुळीत जागा.

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "औषध बंद व्हयनं, बहीण. रसकापूर व्हता त्यामा. जहर शे ते. पोरले दवाखानामा ले जा."

मी पत्रक पुढे केलं. बाईनं ते घेतलं नाही. ती नानांकडे बघत होती, डोळे विस्फारून. जहर हा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"नाव सांगी टाकं तुम्ही?"

"सांगं."

"मंग आते गुण नही?" ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि विचारलं, "ज्यानी नाव सांगेल नही, असा दुसरा कोन शे?"

मी रुमाल सोडला. माझं डोकं उन्हात उघडं केलं, डाग, व्रण, पांढरी लव, सगळं. म्हटलं, "हे बघा. हे त्या औषधानं झालं. नीट बघा."

बाईनं नजर वळवली. मुलीचा हात धरला आणि पारोळ्याच्या दिशेनं रस्त्याला लागली. तिकडे असंच औषध देणारा दुसरा कोणीतरी आहे, मला नंतर कळलं. मुलगी मात्र मान मागे करून माझ्याकडे बघतच चालली होती. चालता चालता तिनं आईला विचारलेलं मला ऐकू आलं, "माय, औषधमा काय टाकतस?"

"चूप. इचारानं नही."

एसटीला अजून अवकाश होता. मी पत्रकं काखेत मारली, रुमाल ओट्यावर ठेवला आणि तशीच त्यांच्या मागून निघाले.